दसऱ्याला पुजलेलं विमान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि सांगतोय म्हणून लगेच माझी कीव करू नका — झोप उडाली, अन्न गोड लागेना, असलं काही झालेलं नाही. मी व्यवस्थित जगलो.

दिलीप आणि मी इंग्लंडात, रीडिंग गावी एकाच ऑफिसात. शनिवार-रविवार खपून त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघांपुरतं एक विमान बांधलं. दसरा आला तशी दिलीपच्या बायकोने, अलकावहिनींनी, विमानाची पूजा करायचं ठरवलं. वाहन म्हटल्यावर पूजा नको? मी यथेच्छ चेष्टा केली. पण पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं — त्यात हळद-कुंकू, अक्षता जातील म्हणून मी, मोठा विज्ञानवादी, त्यावर गुपचूप पारदर्शक टेप चिकटवली. हार झाला, नारळ झाला, पेढे झाले. मग आम्ही दोघं उडालो.

टेप काढायची राहिली.

हवा आत जाईना, पेट्रोल पुढे येईना. जेमतेम झाडांच्या वर गेलो असू — इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दिलीपने समोरच्या शेतात विमान कसंबसं टेकवलं. मला नुसतं खरचटलं. त्याचा पाय चिरडला होता, तो ओरडत होता. आणि मी? मी आधी टेप उपटली. खिशात घातली. मग त्याचा पट्टा सोडवला.

चौकशीत नक्की कारण सापडलं नाही. इथवरच्याला भेकडपणा म्हणा, मी भांडणार नाही. पण पुढचं?

हॉस्पिटलमध्ये वहिनींनी विचारलं, "भावजी, माझ्या पूजेमुळे तर नाही ना झालं?"

नाही — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "अक्षता गेल्या असतील आत."

का? जन्मभर पूजेला हसलेला माणूस स्वतःच्याच शहाणपणाने खाली आला, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. बस्स. याहून बरं कारण शोधू नका, ते नाहीच.

वहिनींनी देव्हारा लॉफ्टमध्ये ठेवून दिला. दिलीप काठी घेऊन चालतो. त्या त्याच्यामागून, मुद्दाम हळू. दर दसऱ्याला मला जेवायला बोलावतात. वाढताना म्हणतात, "तुम्ही होतात म्हणून हे वाचले."

मी पोटभर जेवतो. श्रीखंड मागून घेतो.