चाळीस पोती मोह आणि धुराचा वास

मोहाच्या दारूच्या नमुन्याला धुराचा वास होता. मी तीनदा हुंगला, घोट तोंडात फिरवून थुंकला. धूरच.

"चाळीसही पोती रिजेक्ट करा," प्लँट मॅनेजर म्हणाले. "स्लिपवर सही करा, गाडी परत पाठवू."

मी दारूच्या कारखान्यात क्वालिटी तपासतो. कारखाना नागपूरकडे, घर सावंगीला, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यात. शेजारी म्हणतात, "भाऊ, वास घ्यायचाच पगार भेटते का तुमाले?" खरं आहे. पितही नाही.

आमच्या बहुतेक बाटल्यांतला मूळ माल एकच असतो. धान्यापासून काढलेलं, वास-चव नसलेलं स्पिरिट टँकरने विकत येतं. त्यात पाणी, थोडा माल्ट किंवा अर्क, रंग मिसळला की वेगवेगळी लेबलं लागतात. मोहाची दारू त्याला अपवाद. तिथे फुलाचाच वास विकायचा असतो, म्हणून फूल बिघडलं तर लपवायला जागा नाही.

ही फुलं आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या एका बचत गटाची होती. परत गेली तर दारूबंदीच्या जिल्ह्यात चाळीस पोती मोह घरात ठेवणं म्हणजे पोलिसांना घर दाखवणं. शिवाय पुढच्या वर्षी त्यांच्याकडून खरेदी बंद.

"दोन दिवस द्या," मी म्हटलं.

"दोनच."

आधी आमचंच दारू गाळायचं भांडं तपासलं. तळाला लगदा करपला तरी असा वास येतो. त्याच भांड्यात दुसऱ्या गावची फुलं चढवली. दारू स्वच्छ निघाली. मग प्रत्येक पोत्यातली मूठभर फुलं कोमट पाण्यात भिजवून हुंगली. सव्वीस पोत्यांना धूर, चौदा स्वच्छ.

पोत्यांवर नंबर नव्हते, पण प्रत्येकीने आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने तोंड बांधलं होतं. आपलं पोतं ओळखू यावं म्हणून. चौदा स्वच्छ पोत्यांवर दोनच रंगांच्या चिंध्या होत्या, हिरव्या आणि जांभळ्या. दोन्हींतली एकेक खिशात घालून दुसऱ्या दिवशी गावात गेलो.

गटाच्या अध्यक्ष कौसल्याबाईंनी चिंध्या ओळखल्या. "हिरवी सुमनची, जांभळी माह्या लुगड्याची. काऊन, चोरी झाली का?"

"तुमची फुलं स्वच्छ आहेत. बाकीच्यांना धूर आहे."

"मंग असनच. आमचे झाडं वावराच्या बांधाले, धुऱ्यावर हायेत, खाली सपाट. बाकीच्यायचे जंगलात. फूल पडायच्या आंधी खालचा पाला जाळा लागते, नाई तं फूल दिसन कसं? राख गरम असली का फूल धूर पिते."

"जाळू नका ना."

"तुमी या येचाले. दोन टोपले येचून दाखवा, मंग सांगजा."

मी विचारलं, झाडाखाली जाळी अंथरली तर? भाजीवाले वापरतात तशी हिरवी शेडनेट.

"जाळी कोन देईन?"

"कंपनी." हे मी कोणालाही न विचारता बोललो होतो.

मॅनेजरसमोर चाळीस पोत्यांचा तक्ता ठेवला. चौदा पास. सव्वीस वेगळी गाळायची, तोपर्यंत रिजेक्टच्या स्लिपवर सही नाही. पुढच्या हंगामाला कंपनीने जाळ्या द्यायच्या. त्यांनी पेन उचललं. "जाळ्या किती लागतील?"

सव्वीस पोत्यांची दारू मार्केटिंगच्या मॅडमनी चाखली आणि खुर्चीतून उठल्याच. "स्मोकी! लिमिटेड एडिशन करू." लेबलच्या मसुद्यात 'शतकानुशतकांची धूम्रप्रक्रिया' असं आलं. मी ते खोडलं. 'पाला जाळलेल्या जमिनीवरून वेचलेली फुले' एवढं ठेवलं. तेवढंच मला माहीत होतं. माल हातोहात विकला गेला.

पुढच्या हंगामात जाळ्या अंथरल्या. फुलं एकदम स्वच्छ. आठवड्यात मॅडमचा फोन. "यंदा धूर कुठे गेला?"

मी कौसल्याबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक साल धूर नाई पाह्यजे, एक साल पाह्यजे. भाऊ, तुमच्या लोकायनं पहिले बसून ठरवा. मंग काडी ओढू."

तेव्हापासून काय हवं ते कंपनीकडून आधी लेखी घेतो. फुलं नंतर.