बावीस दिवसांचा चेहरा

दिवेलागणीला सोना तोंड धुऊन पायरीवर बसायची आणि पांढऱ्या काचेच्या डबीतून ज्वारीच्या दाण्याएवढं क्रीम बोटावर घ्यायची. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी. हनुवटीखाली बोट कधी उतरलं नाही. मेढा गावात तेव्हा बायकांच्या तोंडाला फार तर हळद नाहीतर खोबरेल, तेही सणासुदीला. त्यामुळे गल्लीतून जाणारी प्रत्येक बाई तिच्या दाराशी रेंगाळायचीच. त्यात मीही असे, खोटं कशाला बोलू?

माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर. आम्ही शेजारी बिऱ्हाड केलं तेव्हा सोनाचा नवरा लढाईवर गेलेला होता. लग्नानंतर बावीस दिवसांतच त्याची रजा संपली होती. पुढे इजिप्तहून त्याने एका गाववाल्याबरोबर ती डबी धाडली; भारीतलं, मडमांचं क्रीम. सोबत निरोप, "हाय तशीच ऱ्हा." एवढ्या तीन शब्दांवर त्या पोरीने पाच वर्षं काढली.

डबी संपली की माझे यजमान साताऱ्याहून तसलीच आणून देत. सोनाच्या अंगावरची चांदी एकेक करून त्यात गेली, जोडवी तेवढी राहिली. सासू कडाडायची, "नवरा तिकडं गोळ्या झेलतोय, आन् ही हितं तोंडाला साय फासती!"

गुण मात्र आला, तो कसा नाकारू? भातलावणीने तिचे हात सोलले, टाचांना भेगा पडल्या, गळा उन्हाने रापला. चेहरा तेवढा नव्या नवरीचा. मी चिडवायचे, "अगं, गळ्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"गळा त्यांनी कुटं बगितलाय, बाई? पदरानं झाकल्याला. बावीस दिसांत मानूस दुसरं काय ध्यानात ठेवणार? तोंडच की!"

मग पत्रं थांबली. तो बेपत्ता असल्याचा सरकारी कागद यजमानांनीच तिला वाचून दाखवला. सासू म्हणाली, आता तरी ही थेरं बंद कर. त्या संध्याकाळीही सोना पायरीवर बसली. मला म्हणाली, "आज न्हाई लावलं, तर त्ये न्हाईत असं मीच म्हनल्यागत हुईल."

रडायची ती पहाटे, वेण्णेवर, माझ्याबरोबर पाण्याला जाताना. सांजचं रडलं की किरीम वाया जातं, असा तिचा हिशेब. हंडा बाजूला ठेवून, पदराचा बोळा तोंडात कोंबून ती पोटभर रडायची आणि नदीतच तोंड धुवायची. घर येईपर्यंत चेहऱ्यावर काही म्हणून काही उरत नसे. तीन वर्षं हे पाहणारी मी एकटी.

लढाई संपली आणि एक दिवस तो कैदेतून सुटून आला. गालफडं बसलेली, केस पिकलेले, पुढचे दात गेलेले. सासूने भाकरतुकडा ओवाळला, सोनाने पायावर पाणी घातलं. मी दाराशीच उभी होते. तिने मान वर केली आणि हसली. या एका नजरेसाठीच तर सगळा खटाटोप होता. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"तुला कायबी झालं न्हाई की गं," तो म्हणाला. "माझ्यामागं रडलीबी न्हाईस व्हय?"

सोनाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आणि मी? परक्या पुरुषासमोर बोलायची आमची रीत नव्हती. मी पदर पुढे ओढला आणि घरी निघून आले. कसली मेली ती रीत!

महिनाभर तो ओसरीवर निजला. मग पुण्याला नोकरी बघतो म्हणून गेला, तो गेलाच. सोनाने त्यानंतर डबी मागवली नाही. वर्षभरातच तिच्या तोंडावर पाच वर्षांच्या सुरकुत्या एकदम उतरल्या.

आमची सांगलीला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. ती भात पाखडत होती. मला राहवेना. म्हटलं, "सोना, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं गं. चुकलंच माझं."

तिने सूप खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मी तवा तुमच्याकडंच बगत हुते, बाई," ती म्हणाली. "तुमी पदर वडला."