नागिणीची दोन टोकं

दिवाळीच्या कामांच्या यादीत कुंड्या रंगवणं होतं, म्हणून काल गेरू कालवला. तो ओला, मातकट वास आला आणि मी मनानं पुन्हा तळेगावच्या पडवीत आबांच्या उघड्या पाठीशी जाऊन बसले.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या कमरेला नागीण उठली होती. मणक्याजवळून निघालेली फोडांची लाल पट्टी पोटाकडे सरकत होती. सदऱ्याचं कापड नुसतं टेकलं तरी ते ओरडत. पण खरी धास्ती वेगळीच होती. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, असं गाव सांगत होतं. ती पुढं सरकू नये म्हणून त्या सकाळी मी फोडांभोवती गेरूची रेघ ओढत होते.

"कुठवर आली गं?" आबांनी विचारलं.

"आहे तिथंच आहे, आबा."

"खोटं नको बोलू. बेंबीपाशी जळतंय मला."

खरंच, तिथं नवे फोड आले होते. मी हातातला कापूस पुन्हा गेरूत बुडवला.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "जुळतीय कशी! आमचं भांडण अर्धं ऱ्हायलंय अजून."

आबा हसायला गेले आणि कळवळले.

नागीण बेंबीशीच थांबली. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात दबून राहतो आणि उतारवयात एका नसेच्या वाटेनं, एकाच बाजूला उठतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं. टोकं जुळणारच नव्हती.

फोड सुकले, आग मात्र राहिली. पुढं नणंदेच्या लग्नात आहेराचा नवा सदरा आबांनी खांद्यावर टाकला आणि उघड्या अंगानंच ते मांडवात उभे राहिले.