पलीकडच्या विहिरीची वाट

पनवेलजवळच्या एका खाजगी कॉलेजात मी इतिहास शिकवायला लागलो, तेव्हा इमारत नवी होती आणि कुंपणाची भिंत बांधायची राहिली होती. जमीन पूर्वी भातशेतीची. ती विकणाऱ्या घरातली एक म्हातारी रोज आमच्या मैदानातून पलीकडच्या विहिरीवर जायची. येताना भरलेला हंडा डोक्यावर ठेवूनच वर्गाच्या खिडकीशी जरा थांबायची, ऐकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात बर्लिनची भिंत पडली. मी वर्गात तेच सांगत होतो आणि बाहेर गवंडी आमची भिंत रचत होते. तास संपल्यावर तिनं खिडकीतून विचारलं, "मास्तर, ती भिंत कोनी पाडली?"

"लोकांनीच, आजी."

"मंग बांधली तवा ते लोक कुठं व्हते?"

मी हाताचा खडू झटकला. हंड्याला हात लावत तीच म्हणाली, "आमच्यावानी बगत उबे आसतील."

महिन्याभरात आमची भिंत पुरी झाली आणि तिची वाट बंद झाली. विहिरीला आता लांबून वळसा घालावा लागे. पुढे आखातात युद्ध पेटलं, मग सोव्हिएत रशियाचे तुकडे झाले. मला शिकवायला दरवर्षी नवं काही मिळत गेलं. ऐकायला ती मात्र पुन्हा आली नाही.