नकाशात आलेला पाडा

देवजीच्या जावयाला सासुरवाडीला न येण्यासाठी सबब हवी होती, ती त्याला मशीननं दिली. ओमकारनं कल्याणात नवी गाडी घेतली, तिच्यात रस्ता दाखवणारं मशीन बसवलं आणि फोनवर सांगितलं, "मामा, तुमचा पाडा यात दिसतच नाय. यायचं कसं?" लग्नाच्या वेळी हाच बाप्या मशीनवाचून बरोबर मांडवात पोचला होता! पण जावयाला बोलणार कोण? कुणालीचं माहेर तुटलं.

देवजीनं उभा जन्म शहापूर-डोळखांब जीप चालवली. लोकांच्या लेकी माहेरी पोचवल्या, आणि स्वतःचीच लेक येईना. हे त्याला फार लागलं.

पुढच्या मे महिन्यात नकाशे नवे करणाऱ्या कुठल्याशा कंपनीची गाडी पाड्यावर आली. देवजी इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर बसला. सगळे रस्ते दाखवून शेवटी त्यानं गाडी नदीत घालायला लावली. भात झोडून झालं की पाड्यातला घरटी एक माणूस नदीच्या पात्रात दगड-मुरूम टाकतो, मग उन्हाळाभर पुलाचा वळसा वाचतो. पावसाळ्यात सगळं वाहून जातं. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. देवजीनंही सांगितलं नाही. पडद्यावर रेघ उमटली तसा तो म्हणाला, "ह्योच आमचा जवळचा रस्ता." दिवसभर स्वारी हवेत होती.

वर्षानं नवे नकाशे निघाले, ओमकारच्या मशीनमध्ये भरले गेले आणि त्याची सबब संपली. ऐन श्रावणात तो कुणालीला घेऊन निघाला. ताराबाईनं सकाळपासून लेकीसाठी पातोळ्या करायला घेतल्या. देवजी छत्री घेऊन पुलावर जाऊन उभा राहिला. पावसात माणूस दुसरीकडून येईल कशाला?

फाट्यावर कुणाली म्हणाली, "ही उन्हाळ्यातली वाट. पुलावरनं घ्या." ओमकार म्हणाला, "तुज्या बापानंच दाखवलीय ना? मग गप बस." पंचनाम्याच्या वेळी हे त्यानंच सांगितलं, तेही मान वर करून. गाडी पुरात वाहून गेली तेव्हा त्याच्या हाताला उंबराची फांदी लागली. कुणाली खालच्या बंधाऱ्याला अडकलेली सापडली.

ताराबाईनं नवऱ्याला एकदाच विचारलं, "आला ना पाडा नकाशात?" पुढे ती त्याच्याशी बोललीच नाही.

भात झोडून झालं. पाडा नेहमीसारखा नदीवर निघाला. देवजीच्या घरात पुरुषमाणूस तो एकटाच. 'तू राहू दे' असं कोणी म्हटलं नाही. त्यानंही फावडं उचललं.

मे महिन्यात नकाशावाल्यांची गाडी पुन्हा आली. देवजीनं भर उन्हात हात जोडले. "साहेब, येवढी नदीतली रेघ पुसा. माजी पोर गेली वो हितं."

तेवढ्यात पेंढ्यानं भरलेला एक ट्रॅक्टर नदी ओलांडून या काठाला आला. साहेब त्याच्याकडे बघत राहिला.

"बाबा, रस्ता तर चालू आहे. पुसू कसा? बांधला कोणी?"

देवजीचे जोडलेले हात खाली आले.

"आमीच," तो म्हणाला.

साहेबानं मान हलवली आणि त्याच वाटेनं गाडी पलीकडे काढली.