सुनेनं पाडलेले अवयव

सासूनं सुनेचं कौतुक करायचं म्हणजे जीभ जरा जडच होते, पण माझा नाइलाज आहे. माझी सून दवाखान्याच्या शिवणखोलीत काम करते. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं तिथंच शिवलं जातं. त्याच खोलीत मी जन्म काढला. मशीनवर बसले आणि मशीनवरूनच निवृत्त झाले. खिडकीखालचं कापणीचं टेबल मला कधी मिळालं नाही, कारण त्या जागेला दहावी पास लागते आणि मी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं. शिवणाऱ्यांनी त्या टेबलाला हातसुद्धा लावायचा नाही, असा तिथला शिरस्ता. कापणाऱ्यानं वाकडं कापलं की बोलणी मात्र आम्ही खायची!

यंदा ते टेबल रिकामं होणार होतं. कापणीवाले दादा निवृत्तीला आले होते. आणि सुनेची दहावी एकाच विषयापायी अडकलेली, बीजगणित.

"आई, मी परत परीक्षेला बसते," भांडी विसळता विसळता ती म्हणाली. "आता नाही सुटलं तर बाहेरचा माणूस येईल, आणि मी कायमची मशीनवर."

कायमची मशीनवर म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी म्हटलं, बस.

ती संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. तिथले सर फार चांगले, मोठ्या माणसांची टर न उडवणारे. पण गाडी अडली ती अवयव पाडण्यापाशी. सर सांगायचे, "एक्सचा वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा. अशा दोन संख्या शोधा, ज्यांची बेरीज सात आणि गुणाकार बारा." हिला तीन आणि चार सापडायचे. मग ही विचारायची, "पण सर, असंच का?" आणि कारण पटल्याशिवाय ही बाई जागची हलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय, भारी चिवट!

शेवटी सरांनी फळ्यावर आयत काढला आणि म्हणाले, हे क्षेत्रफळ समजा. झालं! घरी आली ती जुनी चादर आणि कात्री घेऊन जमिनीवरच बसली. मोठा चौरस कापला, तो एक्सचा वर्ग. तेवढ्याच लांबीच्या सात पट्ट्या. आणि पट्टीच्या रुंदीएवढे बारा चौकोनी तुकडे. हे सगळं मांडून एक सलग आयत करायचा, मध्ये भोक नको, बाहेर चिंधी उरायला नको. त्या आयताच्या दोन बाजू म्हणजे उत्तर.

आयत काही जमेना. तीन पट्ट्या एका अंगाला, चार दुसऱ्या अंगाला मांडल्या, कोपऱ्यात बारा तुकडे ठेवले, तरी फटीच फटी. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मला हल्ली धड दिसत नाही, म्हणून मी बोटांनी चाचपलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं शहाणे, पट्ट्यांना शिलाईसाठी जास्तीची माया सोडलीस आणि तुकडे नेमके कापलेस!"

हाताची सवय, दुसरं काय. दोघी पोट धरून हसलो. पुन्हा कापलं, आणि कोपरा गच्च भरला. मग तिनं मुद्दाम पाच आणि दोन पट्ट्या लावून पाहिल्या. कोपऱ्यात दहाच मावले, दोन तुकडे उपरे. "म्हणून गुणाकार बारा लागतो होय!" असं म्हणत ती उठून उभीच राहिली.

पण परीक्षा जवळ आली आणि वजाचं चिन्ह आडवं आलं. एक्सचा वर्ग अधिक एक्स वजा बारा. "नसलेलं कापड मी आणू कुठून, आई?" डोळ्यांत पाणी. मला रागच आला.

"झगा ढगळ झाला तर काय करतेस? रडत बसतेस की आत घेतेस?"

तिनं डोळे पुसून कात्री उचलली. मग चौरसाला एका बाजूनं चार पट्ट्या जोडल्या, आणि दुसऱ्या बाजूनं तीन पट्ट्यांएवढी रुंदी कापून काढली. कात्री जोडलेल्या पट्ट्यांवरूनही गेली. "तीन चोक बारा तिथं गेले, आई! चार वाढवले, तीन घटवले, उरला एक एक्स!" एवढ्या मोठ्यानं ओरडली की माझा मुलगा दाढी अर्धी टाकून धावत आला.

परीक्षेत चादर कुठली? ती बाकावर हातानंच मांडत बसली. पर्यवेक्षकांनी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, "कापतेय." त्यांनी तिचे खिसे तपासले म्हणे.

सुटला विषय. काठावर नाही, चांगला सुटला. मला इतका अभिमान वाटला, इतकं सांगत सुटले की शेजारपाजारच्यांनी दारं लावून घेतली असतील.

टेबल मिळालं त्या दिवशी ती मला शिवणखोलीत घेऊन गेली. ताग्याचं पांढरं कापड पसरलेलं होतं. तिनं मोठी कात्री माझ्या हातात ठेवली.

"पहिला काप तुमचा."

"डोळे कुठं आहेत मला?"

"रेघ ठळक मारलीय."

सगळ्या मशिनी थांबल्या. कात्री जड होती, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. मग मी त्या टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडले, आणि सून माझ्यावर खेकसली, "आई, बाजूला व्हा, कापड भिजतंय!"