ओटीचा नारळ

नारळ फोडला आणि त्याच्या पाण्याचा गोड वास आला, की माझं डोकं अजून तापतं. नवऱ्याच्या फौजेतल्या क्वार्टरवर निघाले, तेव्हा इस्लामपूरला आईनं ओटी भरली. "ओटी हाय, सामानात कोंबू नगं, संगंच न्हे," म्हणाली. म्हणून नारळ पर्समध्येच ठेवला. विमानतळावर तपासणीवाल्यानं तो बाहेर काढला. "केबिनमध्ये नारळ चालत नाही." "आवं, ओटीचा हाय त्यो, टाकत न्हाईत!" मी रडकुंडीला आले. त्यानं तो कात्र्या-ब्लेडांच्या टोपलीत धाडकन टाकला. आदल्या दिवशी खंडेनवमी झालेली. त्याच्या मशीनवर हळदकुंकू होतं, झेंडूची माळ होती आणि शेजारी फोडलेल्या नारळाची वाटी. तो नारळ कोणत्या नियमानं आत आला, ते अजून कुणीतरी मला सांगावं!